पांढरा रुमाल

बाजारातून बुरुलला पळवून नेणाऱ्या मेलिसची जुनाट गाडी नारिन शहराकडच्या चढावर भर उन्हात आचके देत बंद पडली. मागे बुरुलला धरून बसलेल्या त्याच्या काकूच्या मांडीवर पांढरा रुमाल होता. मेलिसच्या घरी तो पोरीच्या डोक्याला बांधला की रिवाजाने लग्न पक्कं. मेलिसने स्टार्टर मारला, मग टायरला लाथा घातल्या. "पेट्रोलच भेसळीचं!" "शुंभा, फ्युएल पंप तापलाय," बुरुल फणकारली. "गाडी कळत नाही आणि बायको पळवतोस?" रुमाल हिसकावून ती खाली उतरली, तिला धरायला मागोमाग काकूही. तिने तो रस्त्याकडेच्या ओढ्यात बुडवला, बॉनेट उघडून पंपाला गुंडाळला. पंप निवल्यावर तिनेच स्टीअरिंगवर बसून किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली. "काकू, सून हुशार मिळाली!" बॉनेट लावत मेलिस खिदळला. दोघं चढायच्या आत बुरुलने गाडी वळवली. "अगं, रुमाल!" काकू किंचाळली. "गाडीला बांधलाय ना? मग हीच तुमची सून. माहेरी नेतेय तिला."