तिसरं कडवं

सोळाव्या वर्षी राणीनं रेडिओपुढं टेपरेकॉर्डर ठेवून आवडीची गाणी भरली होती. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही, अशी तंबी. तरी तिसऱ्या कडव्यात आई ओरडलीच, "राणे, भाकरी तुझा आजा थापील का?" गाणं नासलं म्हणून राणी दोन दिवस रुसली होती.

आता आईला जाऊन दहा वर्षं झाली. घरी एकटीच असताना, त्या ओरडण्यासाठीच तिनं कॅसेट लावली.

तिसऱ्या कडव्यात आई हळूच म्हणाली, "राणे, कडी लाव."

राणीनं उठून कडी लावली.

लगेच दारावर थाप पडली. "अगं, उघड की! परभणीहून गाडी लवकर मिळाली." नवऱ्याचाच आवाज. स्वतःच्या भित्रेपणाला हसत तिनं कडीला हात घातला.

गाणं चालूच होतं. त्यातून आई कुजबुजली, "राणे, ते जावाई न्हाईत."