जावयाचं गार पाणी

पंचावन्न सालचा मे. नागपूरचं ऊन असं, की सीताबर्डीवरचे कावळेही छत्री मागून राहिले होते. रुपरावांनी गल्लीतला पहिला फ्रीज घेतला अन् जावई दारात येताच तो बंद पडला.

"नाक कापलं वं आपलं!"

"तुम्ही फक्त मिशीले पीळ द्या," म्हणत रुपरावांच्या पत्नी जिजाबाईंनी वाळा घातलेला छोटा माठ गुपचूप फ्रीजमध्ये ठेवला. त्यातलं पाणी जावई तांब्यावर तांबे प्यायला. "वा मामाजी! फ्रीज असावा तर असा!"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं फ्रीज दुरुस्त केला. माठ निघाला, बाटल्या आल्या. रुपरावांनी छाती फुगवून पेला पुढे केला.



जावयानं तोंड वाकडं केलं, "मामाजी, मिस्त्रीले बोलवा जी. फ्रीज बिघडला, वाळ्याचा वासच येऊन नाही राहिला!"