बारावी नोट

नोटांवरचे जंतू तपासायला प्रयोगशाळेतल्या बाईंनी बारा जणांकडून एकेक नोट आणली होती. अकरा काचेच्या बशांमध्ये जंतूंचं नुसतं रान माजलं. त्यातल्या एका डॉक्टरांच्या नोटेने तर कहरच केला. बारावी बशी मात्र स्वच्छ. आणि ती नोट कोणाची, तर गटारं उपसणाऱ्याची! बाई पार चक्रावून गेल्या. बशांची अदलाबदल झाली असेल म्हणून त्यांनी त्याच्याकडून दोन खेपांत आणखी दोन नोटा आणून पाहिल्या. त्याही तशाच. चौथ्या खेपेला मात्र त्यांना राहवेना.

"अहो, तुम्ही या नोटांना करता तरी काय?"

"काही नाही बाई, गरम पाण्यात साबणाने धुतो आणि वरून इस्त्री फिरवतो," तो सहज म्हणाला. "नाहीतर दुकानदार माझ्या हातून घेत नाही." आणि त्याने खिशातली कडक नोट पुढे केली.

ती घ्यायला बाईंनी हात लांब केला आणि त्या तिथेच थबकल्या. बाकी अकरा जणांच्या नोटा त्यांनी नुसत्या हातमोज्याने घेतल्या होत्या. याच्या एकट्यासाठी त्यांच्या हातात चिमटा होता. चारही वेळा.