कोरडा ग्लास

समोआतल्या आमच्या इस्पितळात सलाइनचे पंप पेलेनातो तपासायचा. वॉर्डातल्या फालेआफाबाबा या रुग्णाला औषध कमी पोचतंय अशी शंका आली, म्हणून त्यांचा पंप त्यानं टेबलावर आणून लावला. थेंब नेमके पडत होते, पिशवी रिकामी होत होती; नळीखालचा ग्लास मात्र कोरडाच.

"जातंय तरी कुठं?" त्याला मौज वाटली. टेबलावरही ओल नव्हती. गळती दिसावी म्हणून त्यानं दुसऱ्या पिशवीत हिरवा रंग मिसळला आणि वेग वाढवला.

थोड्या वेळानं नर्स लेऊता दारात आली. "तू बाबांना काय दिलंस?"

"मी? त्यांची सुई तर तूच काढलीस ना?"

"काढली. पण त्यांना हिरवा घाम सुटलाय."

पेलेनातोनं घाईनं पंप बंद केला.

थेंब पडतच राहिले.