फोन धरणारी

‘डोकं, प्रतीक्षा, डोकं!’ फोनातून जीवनचा आवाज आला. ‘पुन्हा कललं. डोकं कललं की तोल जातो, तोल गेला की चेंडू हवेत.’

चेंडू हवेतच गेला होता. वांग्याच्या वाफ्यात जाऊन पडला. इंद्रभान पुटपुटत तो शोधायला वाकला.

वडनेरच्या शिवारात, खळ्याच्या चोपलेल्या जमिनीवर दर रविवारी साडेचारला ही शिकवणी व्हायची. प्रतीक्षा बॅट धरायची, बाप, इंद्रभान, चेंडू टाकायचा आणि आई, रुक्मिणीबाई, फोन धरून उभी राहायची. जीवन पुण्यात एका मैदानावर पोरांना बॅटिंग शिकवतो. तिथलं आटोपलं की इकडे व्हिडिओ कॉल लावायचा आणि बहिणीची चूक काढायचा. सहा रविवार झाले. त्याआधी फोन आला होता तो दिवाळीला, पाच मिनिटांचा.

रुक्मिणीबाईला लेक दिसायचा, तळहाताएवढा. घामेजलेला, थोडा वाळलेला. त्याला मात्र खळं दिसायचं, बॅट दिसायची, बहीण दिसायची. फोन धरणारीचं तोंड फोनात येत नाही.

‘उद्या बुलढाण्याले जिल्ह्याच्या टीमची निवड हाय,’ इंद्रभान चेंडू धोतराला पुसत म्हणाला, ‘अन् या बाईचं डोकं आजूक पिकल्या वांग्यावानी लोंबून राह्यलं.’ मग बायकोजवळून जाताना हळूच म्हणाला, ‘तुले तं बरंच हाय म्हना. चूक सुधरली का मंग फोन कायले लावीन तो?’

‘चेंडू टाका तुमी,’ ती म्हणाली.

ही गोष्ट तिने कधी तोंडातून काढली नव्हती. देवापुढे हात जोडतानाही ‘पोरीचं भलं कर’ एवढंच म्हणून ती थांबायची. पोरीची चूक सुधारू दे, असं काही तिच्याने म्हणवत नसे.

पुढचा चेंडू आला. डोकं पुन्हा कललं. चेंडू पुन्हा वांग्यात.

प्रतीक्षाने बॅट खाली टाकली. ‘मले नाही जमत, दादा. मी उद्या जातच नाही.’

पोर पाठ फिरवून उभी राहिली आणि बाहीने डोळे पुसू लागली. रुक्मिणीबाईने लेकाच्या तळहाताएवढ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग फोन खाली केला.

‘इकडं ये वं.’

तिने डोक्याचं फडकं सोडलं. फोन काखेत धरून फडक्याला पीळ दिला, गोल वेटाळून चुंबळ केली, पोरीच्या डोक्यावर बसवली. त्यावर अर्धा भरलेला तांब्या ठेवला.

‘आई, काहीच दिसत नाहीये,’ काखेतून जीवन म्हणाला. पुण्याला गेल्यापासून तो तिला आई म्हणायचा. ‘नुसती माती दिसतेय.’

‘पाह्य मंग थोडी माती. तुह्याच वावरातली हाय.’

मग ती पोरीला म्हणाली, ‘डोक्यावर घागर असताना कोनी हाक मारली तं आपन मान वाकडी करतो का? डोये फिरवतो, पाय फिरवतो. घागर जागच्या जागी. आता मार.’

पहिल्या चेंडूला पाणी मानेवरून पाठीत गेलं. इंद्रभान खो खो हसला. दुसऱ्याला तांब्याच घरंगळला. तिसऱ्याला पुन्हा भरावा लागला. सातव्या की आठव्या चेंडूला पाणी नुसतं हिंदकळलं.

रुक्मिणीबाईने तांब्या उतरवून घेतला, चुंबळ काढली आणि फोन वर धरला.

इंद्रभानने चेंडू टाकला. प्रतीक्षाचा पाय पुढे आला, बॅट आली, आणि डोकं तिथंच राहिलं, जसा काही तांब्या अजून वर होता. चेंडू जमिनीला घासत धुऱ्याच्या बांधापर्यंत गेला.

‘अजून एक,’ जीवन म्हणाला.

तोही तसाच गेला. त्यानंतरचाही.

‘झालं!’ जीवन ओरडला. ‘आई, काय केलंस तू? सहा आठवडे मी... झालं बघ. आता काही चूक नाही. उद्या अशीच खेळ, प्रतीक्षा. बरं, मग ठेवू?’

प्रतीक्षाने आईकडे पाहिलं. इंद्रभान चेंडूची शिवण चाचपत राहिला.

‘थांब,’ रुक्मिणीबाई म्हणाली.

कडेला ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं पडलं होतं. त्याला टेकवून, कॅमेरा आपल्याकडे फिरवून तिने फोन उभा केला. पदर खोचला. पोरीच्या हातातून बॅट घेतली आणि खळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बॅट तिने मोगरीसारखी धरली होती, धुणं धोपटायला बसल्यासारखी.

‘आता माह्यं सांग,’ ती फोनाकडे पाहून म्हणाली. ‘मी कुठी चुकतो?’

इंद्रभान दोन पावलं पुढे आला आणि पोराला टाकावा तसा हळू चेंडू टाकला. तिने बॅट फिरवली. चेंडू केव्हाच मागे निघून गेला होता.

रेंज गेली की काय म्हणून प्रतीक्षा वाकली. रेंज होती. जीवन पडद्याच्या अगदी जवळ आला होता. एवढा जवळ, की त्याचे नुसते डोळेच दिसत होते.

‘माय,’ तो म्हणाला. ‘डोकं तं तुहं हाललंच नाही वं.’

ती बॅट धरून तशीच उभी होती.

‘बाकी सारंच चुकून राह्यलं. पाय, हात, सारंच. लय रविवार लागतीन, माय. बाबा, टाका आजूक एक.’