दुपारचा डोस

प्लंबर नवऱ्याच्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढायची होती. आदल्या दिवशी बायकोने घरीच जुलाबाचं औषध आणि तीनदा अँटिबायोटिकच्या गोळ्या द्यायच्या होत्या. जंतू घटले की टाके पिकण्याची भीती कमी. पण धावपळीने दमून दुपारी तिचा डोळा लागला आणि एक डोस राहिला. सकाळी वॉर्डात नर्सने विचारलं, “तिन्ही डोस झाले ना?” “झाले,” बायकोवर बोल येऊ नये म्हणून नवरा पटकन म्हणाला. खरं सांगून तारीख हुकली तर गाठ थोडीच थांबणार होती? पण टाके पिकले तर? “नाही, दुपारचा राहिला. मी झोपले,” ती म्हणाली. नर्सने डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, “सांगितलंत, बरं झालं. ऑपरेशन परवा. उद्या सगळं पहिल्यापासून.” ती नर्सने दिलेल्या नव्या गोळ्या पिशवीत ठेवू लागली. “आण इकडे,” नवरा म्हणाला, “उद्या गजर मी लावतो.”