हेच जहाज

"हेच जहाज हवं," मावशी म्हणाली.

सहल कंपनीच्या काउंटरपलीकडच्या तरुणानं माहितीपत्रक पुन्हा उलगडलं. "मॅडम, जहाज चांगलंच आहे, प्रश्नच नाही. पण मुलं बरोबर आहेत म्हणून सांगतो. हे दुसरं बघा. बेटं तीच, हिवाळ्यात समुद्रही तेवढाच शांत, शिवाय डेकवर पाण्याच्या घसरगुंड्या. तुम्ही म्हणताय त्याच्यावर काय, जेवणाचा हॉल तेवढा मोठा."

"हॉल बघूनच ठरवलंय."

तरुण हसला. बाई खवय्या दिसतात, असं त्याला वाटलं असावं.

भिंतीवरच्या मोठ्या नकाशाला टिल्ल्या नाक लावून उभा होता. सात वर्षांचा हा भाचा सकाळपासून बेटांवर उड्या मारत होता. "आधी इथं उतरायचं. मग इथं. मग ह्या कासवासारख्या बेटावर उडी!"

"आणि जहाज कशाला मग?" मावशीनं विचारलं.

"झोपायला," टिल्ल्या म्हणाला.

थोरली भाची मात्र खुर्चीत गप्प बसून होती. ती चौदा वर्षांची होती आणि एरवीही कमीच बोलायची.

टिल्ल्या तान्हा असताना मुलांची आई गेली. तो चालायला लागल्यावर त्यांच्या बाबांनी परदेशी जहाजावर नोकरी धरली आणि दोघांना थोड्या दिवसांसाठी म्हणून मावशीकडे आणून सोडलं. मावशी चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची, एकटीच राहायची. स्वतःच्या लग्नाचं नंतर बघू म्हणता म्हणता तिचं लग्न राहूनच गेलं. बाबांचे फोन आधी दर रविवारी यायचे, मग फक्त वाढदिवसाला. मग तो नंबरच बंद झाला. "बाबा फार लांब आहेत, तिथून फोन लागत नाही," असं मावशीनं मुलांना सांगितलं. टिल्ल्याला ते खरं वाटलं. थोरलीनं विचारायचंच सोडून दिलं.

उन्हाळ्यात दुकानातलं एक नेहमीचं गिऱ्हाईक नवा चष्मा घ्यायला आलं. बायकोच्या वाढदिवसाला ते दोघं बेटांच्या सफरीला जाऊन आले होते. काचा बसेपर्यंत गृहस्थांनी फोनवर फोटो दाखवले. केक, बायको, भिंतीवर सोनेरी अक्षरांत जहाजाचं नाव, आणि मागे हातावर प्लेटा तोलून उभा असलेला पांढऱ्या कोटातला वेटर. दिवसभर दुसऱ्यांची नजर तपासणाऱ्या मावशीचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ते तिचे भावोजी होते, मुलांचे बाबा. हसत होते.

"रोज हाच वाढायचा आम्हाला," गृहस्थ म्हणाले. "फार मायाळू माणूस."

मावशीनं तो फोटो मागून घेतला. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच दृश्य होतं. पांढरं कापड अंथरलेलं टेबल. ती मधे, दोन्ही बाजूंना दोघं मुलं. प्लेटा घेऊन तो येईल. ती एक अक्षरही बोलणार नव्हती. त्यानं नुसतं बघावं, बघून जागच्या जागी थिजावं, एवढंच तिला हवं होतं. मुलांना तिनं फक्त सांगितलं होतं, की हिवाळ्याच्या सुट्टीत आपण बेटं बघायला जायचं.

"मग करू पक्कं?" तरुणानं विचारलं.

"करा."

"नको," थोरली म्हणाली.

मावशीनं वळून पाहिलं. पोरगी खुर्चीतून उठून काउंटरपाशी आली होती.

"काय नको?"

"हे जहाज नको. दुसरं घे."

"अगं, घरी बरी मूग गिळून बसली होतीस! आता काय झालं?"

"घरी तू जहाजाचं नाव कुठं सांगितलं होतंस?" थोरलीनं मावशीचं मनगट घट्ट धरलं. "मावशी, पाया पडते तुझ्या. दुसरं घे."

ह्या मुलीनं आजवर कधी साधी रिबीनसुद्धा मागितली नव्हती. मावशीनं समोरचं माहितीपत्रक बाजूला सारलं. तरुणानं उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले.

"ते घसरगुंड्यांचं द्या," अखेर मावशी म्हणाली.

टिल्ल्यानं आनंदानं आरोळी ठोकली.

बाहेर आल्यावर टिल्ल्या पुढं पळाला आणि हात पसरून फुटपाथच्या कडेवरून तोल सावरत चालू लागला. त्या दोघी मागं राहिल्या.

"तुला ठाऊक होतं?" मावशीनं हळूच विचारलं.

"तू आंघोळीला गेलीस की तुझ्या फोनमधला तो फोटो मी रोज बघते."

"मग? भेटायचं नाही तुला बाबांना?"

"भेटायचंय गं," थोरली म्हणाली. "खूप भेटायचंय."

"मग त्याला का वाचवलंस? इतकी वर्षं मुलं कशी आहेत म्हणून विचारलं नाही त्यानं. लाज वाटायला नको त्याला?"

"त्यांना वाटली असती ना लाज. प्लेट ठेवून ते तिथंच उभे राहिले असते." थोरली पुढं चाललेल्या भावाकडे बघत होती. "आणि टिल्ल्यानं मान वर करून त्यांना म्हटलं असतं, 'थँक्यू काका.'"